चौबाबेन

कार्डावर सव्वीस अक्षरांचीच जागा.
मृणालिनी प्रभाकर चौबळ:
इंग्रजीतला शेवटचा एल काही मावला नाही,
बँकेने तो छाटला, मला विचारलंही नाही.
तिथून ही जन्मली, चौबा.
पाकिटात रेशनकार्डाच्या झेरॉक्सशेजारी
पाठ टेकून बसायची.

पहिल्यांदा तिला बाहेर काढलं ते कारेलीबागेत,
हॉस्पिटलच्या खिडकीशी, रात्री पावणेदोनला.
प्रभाकर आत, छातीवर तारा.
खिडकीतल्या मुलाने तिला मशीनमध्ये खुपसलं,
च्यक्क झालं, कागद बाहेर.
इतकं सोपं.
मी तिच्या पाया पडले असते.

मग ती घरात बसेचना.
गीझर. केतकीची फी. नणंदेकडच्या मुंजीचा आहेर.
आणि खोटं कशाला बोलू,
एक नकली पटोळं, मोरपंखी,
ज्याची घडी अजून मोडलेली नाही.

बिलावर एक गोड शब्द असायचा: किमान.
किमान भरा, उरलेलं बघू.
मी किमान भरत गेले,
किमान बोलत गेले,
रात्री किमान झोपत गेले.

व्याज साडेतीन टक्के, महिन्याचं.
आपल्यात साडेतीन म्हटलं की मुहूर्त आठवतात,
पीठं आठवतात, पेशवाईतले शहाणे आठवतात.
साडेतीनाचं भय कुणाला वाटणार?
एका सकाळी बाराने गुणून पाहिलं.
बेचाळीस.
दूध उतू जात होतं, मी बघत राहिले.

फोन यायचे. "चौबाबेन बोलो छो?"
आवाज पोरसवदा, मागे पंख्याची घरघर.
मी म्हणायचे, राँग नंबर.
ते तसं अर्धं खरंच होतं.
एकदा तो म्हणाला, "बेन, मारे पण नोकरी छे."
त्या दिवशी मी फोन ठेवला नाही.
त्यानेही नाही.
बराच वेळ नुसता पंखा ऐकू आला.

फेडण्यापेक्षा सांगणं जड.
ऑफिसच्या पतपेढीत अकरा टक्के, पण दोन जामीन हवेत.
जेवणाच्या सुट्टीत रमीलाबेनच्या डब्याशी जाऊन उभी राहिले,
अर्ज मागे धरून, शाळेत प्रगतिपुस्तक धरावं तसा.
तिने हात धुतले, पदराला पुसले, सही केली.
विचारलं एवढंच: "थेपलुं खावुं छे?"
दुसरी सही दिघे शिपायाची.
त्याचेच दोन हप्ते थकलेले,
तो हसत म्हणाला, बुडालेल्याला ओलं व्हायची काय भीती.

निम्मी चौबा पतपेढीने फेडली.
निम्मी मी, एकतीस महिने.
रिक्षा बंद. दांडिया बाजार ते अलकापुरी पायी,
गरनाळ्यात पाणी भरलं की चपला हातात.
केतकीच्या जुन्या आलेखवहीत
हजाराला एक चौकट, पेन्सिलने,
कारण शाईवर माझा भरवसा उरला नव्हता.
मध्ये चार महिने कोरे आहेत.
त्यांचं विचारू नका.
नवरात्रात पास न काढता
गरबा पत्र्याच्या कुंपणाबाहेरून ऐकला.
केतकी म्हणाली, इथून ढोल जास्त चांगला वाजतो.
तिला किती कळलं होतं, देव जाणे.

मंगळवारी पत्र आलं. बाकी शून्य.
वर नाव तेच, शेपूट तुटलेलं.
पतपेढीचे पाच हप्ते अजून आहेत,
पण ते चौबळांचे.

प्रभाकरने चष्मा कपाळावर सरकवला.
"ही चौबा कोण गं?"

मी ओट्यावरची चिकटलेली कणीक खरवडत होते,
कार्डानेच. कड चांगली आहे त्याची,
कोपऱ्यातलंसुद्धा निघतं.
म्हटलं, बस. चहा टाकते.
लांबलचक आहे.
तुझ्या छातीपासून सुरू होतं.